जळक्या ऑइलवर पंगत बसवणार का?

‘टाइल्स सोडा, घरच्या घरी सागाची जमीन करा’ हा मेसेज चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कितीतरी ग्रुपांवर फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं, पण आमच्या काकाजींनी तो वाचून नव्या खोलीसाठी आरा मशीनवर फळ्या चिरायलाही टाकल्या. मेसेजचं म्हणणं असं: सागात मुळातच तेल असतं, म्हणून सुकवायची गरज नाही, ताजं चिरा आणि ठोका. सिमेंटच्या कोब्यावर थेट बसवा. वरून जळक्या ऑइलचे दोन हात मारा, उधई जन्मात लागणार नाही आणि पॉलिशचा खर्च वाचेल. हवं तर जवसाचं तेलही चालेल. जुनी झाली की ग्राइंडर फिरवा.

आधी ते जळकं ऑइल. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढून टाकलेलं हे तेल वाळतच नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, खनिज तेलात तो गुणच नाही. आमच्या गोठ्याच्या दाराला कधीकाळी लावलेलं ऑइल अजूनही मे महिन्यात बोटाला लागतं, आणि म्हैस अंग घासून गेली की तिच्या कुशीवर काळा पट्टा उमटतो. काकाजी त्यावर सतरंजी टाकणार, पंगत बसवणार, वर्षाचा नातू त्यावर रांगणार आणि तेच हात तोंडात घालणार. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी बहुचक्री हायड्रोकार्बनं साठलेली असतात, झिजलेल्या धातूची कणी असते. शिवाय ते एकदा लाकडात मुरलं की त्यावर पीयू, मेलामाइन कुठलंच पॉलिश धरत नाही, आणि घासायला गेलं तर पॉलिश पेपर चिकट होऊन बसतो. कसला खर्च वाचला? कुंपणाच्या खांबाला लावलं तर उधई काही काळ दूर राहते, हे कबूल. पण कुंपणावर कोणी जेवायला बसत नाही.

उधईचंही अर्धंच खरं आहे. सागाच्या गाभ्याच्या तपकिरी लाकडाला ती सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला खुशाल लागते. स्वस्त फळीत नेमकं हे पांढरं जास्त असतं. आणि उधई येते जमिनीतून. तिचं औषध भराव घालताना मातीत द्यायचं असतं.

‘सुकवायची गरज नाही’ हे लिहिणाऱ्याने विदर्भातला उन्हाळा पाहिलेला दिसत नाही. भारतीय मानक आयएस 287 याच कामासाठी आहे. हवेतल्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार पट्टे पाडून, कुठे कोणत्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल ते त्यात दिलंय. जमिनीच्या फळ्यांसाठी हा आकडा साधारण 8 ते 12 टक्क्यांत येतो. ताज्या चिरलेल्या सागात तो याच्या कित्येक पट असतो. साग इतर लाकडांपेक्षा कमी आकसतो हे खरं, पण ओल्याचा पूर्ण कोरडा होताना तोही रुंदीत साडेपाच-सहा टक्क्यांपर्यंत जातो. नीट सुकवलेल्या लाकडाचंही, मे आणि ऑगस्टमध्ये ओलाव्याचा सहा टक्क्यांचा फरक पडला तरी, दहा फुटी खोलीच्या रुंदीत तीन-साडेतीन सेंटिमीटरचं मागेपुढे होऊ शकतं. म्हणून तर भिंतीलगत फट सोडून वर स्कर्टिंगची पट्टी मारतात. ओली फळी घट्ट ठोकली की पहिल्याच उन्हाळ्यात फटीत पाच रुपयाचं नाणं उभं जातं. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर फळीचा तुकडा किराणा काट्यावर तोला, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवा, पुन्हा तोला. घटलेल्या वजनाला सुक्या वजनाने भागा, शंभराने गुणा, झाला ओलावा.

कोब्यावर थेट नको. नवा कोबा महिनोन्‌महिने ओल सोडतो. रात्रभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवा, सकाळी खाली दव दिसलं तर थांबा. ग्राइंडरने लाकडावर चंद्रकोरीचे खड्डे पडतात. सँडर, म्हणजे घासायचं मशीन, भाड्याने आणा, 40 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 120 पर्यंत रेषेच्या दिशेने घासा, आणि तोंडाला मास्क बांधा.

जवसाचं तेल, हो, चालतं. मेसेजमधली तेवढीच कामाची ओळ. पातळ हात द्यायचा आणि पुसून घ्यायचा. पण पुसलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकला तर तेल वाळताना तयार होणारी उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. त्या मोकळ्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. मेसेजात यावर चकार शब्द नाही.

आणि ‘बांधावरचा साग तोडा, फुकटात काम’ ही शेवटची ओळ. बांध तुमचा, झाड तुमचं, तरी महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, 1964 प्रमाणे साग तोडायला परवानगी लागते आणि न्यायला वाहतूक पास. काकाजींना कागद विचारले तर म्हणाले, ‘आरा मशीनवाला पाहून घेईल.’