वाळू, चिंचोके आणि चौरेघी वही : एका आजोबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय आजोबा,

सादर नमस्कार. बालवाडीतील माती, पाणी आणि वाळूच्या खेळांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपण स्वतःची ओळख 'वडगावचा एक आजोबा' एवढीच दिली आहे, म्हणून त्याच नात्याने संबोधत आहे. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. आपली साडेचार वर्षांची नात घराजवळच्या एका बालवाडीत जाते, पण तिला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही; शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा मात्र चौरेघी वहीत एबीसीडी लिहितो आणि शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी वाळूच्या किल्ल्याला कोण विचारणार, असा आपला प्रश्न आहे. खेळातून शिक्षण हे परदेशातून आलेले खूळ असून, जे खेळ आपण गल्लीत फुकट खेळलात त्यांच्यासाठी आता फी मोजावी लागते, अशी आपली तक्रार आहे. शिवाय बेळगावच्या मराठी बालवाडीत कानडी बोल कशाला शिकवता, असेही आपण शेवटी विचारले आहे.

प्रथम पेन्सिलीविषयी, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्याशी जोडलेल्या आहेत. जन्मलेल्या बाळाच्या मनगटातील आठही हाडे मऊ कूर्चेच्या रूपात असतात. त्यांतील दोन पहिल्या काही महिन्यांत घट्ट होऊ लागतात, बाकीची पुढे वर्षावर्षाला एकेक करून, आणि शेवटचे हाड तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. हाडे, तळहाताचे लहान स्नायू आणि नजर यांचा मेळ बसत जातो तसतशी मुलाची पकड बदलते. आधी खडू मुठीत असतो, मग सगळ्या बोटांत येतो आणि साधारणपणे चार ते सहा वर्षांच्या दरम्यान अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर स्थिरावतो. आकार काढण्यालाही असाच क्रम असतो. बहुतेक मुले तिसऱ्या वर्षाच्या आसपास पाहून गोल काढतात, चौथ्याच्या आसपास अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या सुमारास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण, कारण तिरपी रेघ हाताला सर्वांत उशिरा वश होते. ज्या मुलाला अजून तिरपी रेघ साधत नाही त्याच्याकडून इंग्रजीतील ए, के किंवा एक्स गिरवून घेतले, तर ते अक्षर त्याच्या दृष्टीने अक्षर नसते. बाईंनी सांगितलेल्या दिशेने ओढलेल्या काही रेघा असतात. वही भरते आणि पालकांना समाधान वाटते, पण चुकीची पकड मात्र हाताला लागते आणि ती सोडवताना पुढच्या बाईंच्या नाकी नऊ येतात.

आता माती. आपल्या भागात ज्येष्ठ अमावास्येच्या आधी कानडी घरांतून मातीचे बैल होतात आणि दिवाळीत मराठी घरांच्या अंगणात किल्ले उभे राहतात. हे करताना मूल माती तिंबते, तिचा गोळा वळते, बैलाचे शिंग दोन बोटांच्या चिमटीत ओढून टोकदार करते. चिमटीतले हे बळच पुढे पेन्सिलीला लागते. बेळगावजवळच्या खानापूरला ग्रामीण कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था उभी आहे, इतकी त्या तालुक्याची माती या कामाला नावाजलेली आहे. म्हणजे साहित्यासाठी आपल्याला दूर जाण्याचीही गरज नाही. आमच्या वर्गात याच हेतूने आणखी काही गोष्टी चालतात. भिंतीवर पाण्याने भरलेल्या जाड ब्रशने मोठमोठी चित्रे काढणे हा त्यांतला एक प्रकार. उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट मागे वळलेले राहते आणि खांद्यापासून बोटांपर्यंतचा सगळा हात कामाला लागतो. याशिवाय ओला स्पंज पिळणे, मटाराच्या शेंगा सोलणे, कणकेची गोळी लाटणे, जाड सुतात मणी ओवणे असते. यांपैकी बऱ्याच गोष्टी आपल्या घरी होतच असतील, फक्त त्या वेळी नातीला 'तू मध्ये येऊ नको' असे सांगितले जाते की काय, हे एकदा पाहावे.

शंभरपर्यंतच्या अंकांचे म्हणाल तर मला त्या शेजारच्या मुलाचे कौतुकच वाटते, कारण पाठांतर ही काही टाकाऊ गोष्ट नव्हे. मात्र अंक म्हणणे आणि मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्याच्यासमोर मूठभर चिंचोके ठेवून 'मला यातले सात दे' असे सांगून पाहावे. पुष्कळ मुले सगळे चिंचोके पुढे करतात, किंवा एकाच चिंचोक्यावर दोन अंक म्हणतात, किंवा सात मोजून झाल्यावर 'किती झाले?' असे विचारताच पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी म्हटलेला अंक म्हणजेच सगळ्या वस्तूंची संख्या, ही समज पाठांतराने येत नाही. ती वाटण्यातून, जोड्या लावण्यातून, खेळातल्या फाशावर जितके पडले तितकीच घरे पुढे सरकण्यातून येते. चौकाबाऱ्यात कवड्या टाकून चार पडले की लहान मूलही न मोजता 'चार' म्हणते. नजरेने संख्या ओळखण्याची ती सुरुवात आहे. पाण्याचा खेळही याच वाटेवरचा आहे. पसरट वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतले की पाच वर्षांचे मूल छातीठोकपणे सांगते की पाणी वाढले. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हेच दाखवून दिले होते, आणि हा समज समजावून सांगून जात नाही, तर बहुतेक मुलांचा तो सहा-सात वर्षांच्या सुमारास, पुष्कळ ओताओत केल्यानंतर जातो. तोवर तांब्या किती वाट्यांनी भरतो आणि कोणत्या वाटीने लवकर भरतो, हे त्याला करूनच पाहू द्यावे.

लेखी अंकांच्या घाईने आपल्याकडे आणखी एक गुंता होतो. मराठीत एकतीस म्हणताना एकक आधी ऐकू येतो आणि दशक नंतर. कानडीत आणि वीसच्या पुढे इंग्रजीतही दशक आधी येतो. बेळगावचे मूल या तिन्ही भाषांतले अंक कानांवर घेत मोठे होते. दहांचा गठ्ठा म्हणजे काय हे हाताने समजण्याआधीच ते लिहू लागले, तर एकतीस ऐकून १३ लिहिते आणि आपण त्याला वेंधळे ठरवतो. काड्यांचे दहादहांचे जुडगे बांधून झाले की हा गोंधळ बराच कमी होतो, असे मी वर्गात पाहिले आहे. रताळी निघण्याच्या दिवसांत आम्ही काड्यांऐवजी रताळी वापरतो; मोठी, मध्यम, लहान असे ढीग लावायला ती फार सोयीची, आणि अगदी लहान मुलांच्या गटात चिंचोके देणे धोक्याचे असल्याने तिथे तर तीच बरी. तीन वर्षांच्या मुलाच्या नाकात चिंचोका गेला की सगळे शिक्षण बाजूला राहते.

प्रवेशाची चिंता मला समजते. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी घेता येत नाही, आणि ती घेतल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत व पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही काही शाळा 'सहज बोलतो आहोत' असे म्हणत मुलाला ए ते झेड लिहायला लावतात, हे आपल्याप्रमाणे मीही ऐकून आहे. कायद्याने बंद असलेल्या त्या परीक्षेची तयारी करून घेणे हे बालवाडीचे काम आहे, असे मात्र मी मानत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळ हीच शिकण्याची मुख्य रीत सांगितली आहे. म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गातही खेळ अपेक्षित आहे, मग त्याआधीच्या वर्गातून तो हद्दपार कसा करायचा?

परदेशी खुळाविषयी आपण लिहिलेत ते अर्धेच खरे आहे. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत आणि मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले, हे खरे. परंतु गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभे केले, आणि पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच काम नेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी आली. तेव्हा वाळू आणि चिंचोके वापरताना मी परदेशाची नव्हे, मराठी बायांनी घालून दिलेली वाट चालते आहे. एवढे मात्र नमूद करते की खुद्द माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवण्यास चौथ्या वर्षाच्या सुमारासच दिली होती. सहा वर्षांपर्यंत अक्षर दिसूच नये, असा माझा आग्रह मुळीच नाही. माझा विरोध रोजच्या पानभर गिरवण्याला आहे.

फीच्या बाबतीत मी आपल्याशी बरीचशी सहमत आहे. कोपऱ्यात वाळूचे घमेले ठेवायचे, प्लास्टिकची घसरगुंडी आणायची, भिंती रंगवायच्या आणि 'खेळातून शिक्षण' अशी पाटी लावून भरमसाट फी घ्यायची, असे वर्ग शहरात आणि आता उपनगरांतही निघाले आहेत. मुले वाळूत आहेत आणि बाई मोबाईलवर आहेत, याला मी बालवाडी म्हणणार नाही. वाळूची किंमत नगण्य असते. पैसे मोजायचे ते पाहणाऱ्या माणसासाठी. ओली वाळू घमेल्यातून उलटी केली की आकार टिकतो आणि कोरडी ढासळते, हे मुलाच्या लक्षात आल्याच्या क्षणी 'आता किती पाणी घालूया?' असे विचारणे, दोघे एकाच डब्यावर भांडत असताना लगेच न सोडवता थोडे थांबणे, आणि कोण अजून एका हाताने दुसऱ्या हाताला मदत करत नाही याची नोंद ठेवणे, हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. आपण गल्लीत फुकट खेळलात, कारण त्या गल्लीत आपल्याहून मोठी मुले होती, ओट्यावर आजी होत्या आणि रस्त्यावर दुचाक्या नव्हत्या. आज वडगावच्या गल्लीत साडेचार वर्षांच्या नातीला एकटी सोडण्याची आपली तयारी आहे का, हा प्रश्न मी खोचकपणे नव्हे, खरोखर विचारते आहे. आणि फी परवडत नसेल किंवा पटत नसेल तर सरकारी अंगणवाडीकडे तुच्छतेने पाहू नये. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शालापूर्व शिक्षण हा अधिकृत भाग आहे, तेही विनामूल्य. उत्साही सेविका असेल तर तिथला वर्ग माझ्या वर्गाहून सरस ठरतो.

कानडीबाबत थोडक्यात सांगते. गोष्ट, गप्पा, भांडण मिटवणे आणि रडणाऱ्याला समजावणे हे आमच्याकडे मराठीतच होते, कारण विचार करायला शिकण्याची भाषा घरची असावी, हे मी ठामपणे मानते. परंतु भातुकलीच्या बाजारात विक्रेता झालेल्या मुलाला गिऱ्हाईक 'एष्टु?' म्हणजे 'किती?' असे विचारते आणि तो 'हत्तु' असे सांगून दहाची खोटी नोट घेतो, तेव्हा मुले त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला बाजारच खेळत असतात. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानुसार पहिलीपासून कन्नड शिकावीच लागते. ती तिथे अचानक परकी होऊन समोर येण्यापेक्षा आधी खेळातून ओळखीची झालेली बरी. सीमाप्रश्नावरील माझी मते मला आहेत आणि ती आपल्या मतांहून फार वेगळी नसावीत, पण त्यांचा भार चार वर्षांच्या मुलाच्या भाजीच्या टोपलीत टाकण्याची माझी इच्छा नाही.

शेवटी नातीविषयी. साडेचार वर्षांच्या मुलीची पेन्सिलीवरची पकड पक्की नसणे हे वयाला धरून आहे. तूर्त चौरेघी वही बाजूला ठेवावी आणि लांब पेन्सिलीऐवजी खडूचे किंवा मेणखडूचे आखूड तुकडे द्यावेत, म्हणजे मूठ करायला जागाच उरत नाही आणि बोटे आपोआप पुढे येतात. पाटी जमिनीवर न ठेवता भिंतीला टेकवून उभी धरावी. मात्र ती जेवताना घास नीट उचलत नसेल, मोठी बटणेही लावू शकत नसेल, एकच हात वापरून दुसरा नेहमी मागे ठेवत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट आता तिला जमेनाशी झाली असेल, तर खेळ किंवा अभ्यास यांवर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावे. यांपैकी काही नसेल तर येत्या दिवाळीत तिला किल्ल्याच्या मातीत बसू द्यावे, आणि त्यानंतर तिची पकड कशी आहे ते मला जरूर कळवावे.

आपली,
बालवाडीची बाई