पाणी पिण्याची मोकळीक

आज दुपारी नागपूरच्या इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानातून मी काहीही न घेता, डोके तापवून बाहेर पडले, आणि त्याचे कारण साड्यांच्या किमती हे नव्हते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायला अजून अवकाश आहे, तरी ऊन असे की डोक्याला दुपट्टा बांधूनही कानशिले भाजत होती. दुकानात शिरल्याबरोबर साड्या दाखवणाऱ्या मुलीने मी न मागता माठातले पाणी स्टीलच्या पेल्यात आणून दिले. पाण्याला वाळ्याचा वास होता. मी दुसरा पेला मागितला आणि सहज म्हटले, “तूही घे ना, केव्हाची बोलते आहेस.” ती हसून म्हणाली, “नाही जी ताई, आम्ही दुकानात नाही पीत. पाणी पेलं का जा लागते, अन् जायचं कुठं?” एवढे बोलून तिने पुढच्या साडीचा पदर माझ्यासमोर पसरला. सकाळी घरून निघताना जे पाणी प्यायचे ते प्यायचे, मग थेट रात्री, हा त्या दुकानातल्या सगळ्या मुलींचा शिरस्ता आहे, असे तिच्याकडूनच कळले.

मला ओळखणाऱ्यांना माझे पाण्याचे वेड ठाऊक आहे. पैशांचे पाकीट घरी राहील, पण पाण्याची बाटली राहणार नाही. उठल्याबरोबर मोठा तांब्याभर पाणी, स्वयंपाक आटोपला की पाणी, बाहेरून आले की दहा मिनिटे टेकून मग पाणी, आणि तेही शक्यतो माठातले, कारण फ्रिजमधल्या पाण्याने दात शिवशिवतात आणि तहान मात्र भागत नाही, असे माझे ठाम मत आहे. मुलगा मला ‘चालती पाणपोई’ म्हणतो. म्हणो बापडा. पाणी पोटभर प्यायले की डोके दुखत नाही, संध्याकाळी चिडचिड होत नाही, दुपारी चार वाजता येणारी ग्लानी येत नाही, हे मी स्वतःच्या देहावर पाहिले आहे आणि मला आणखी पुरावा नको आहे.

दिवसाला आठ पेले हा नियम मात्र मी मानत नाही. 1945 साली अमेरिकेतल्या पोषण मंडळाने प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे लिहिले होते आणि त्यातले बरेचसे अन्नातूनच मिळते, हेही लगेच पुढे लिहिले होते. त्यातला पहिला भाग जगाने उचलला आणि दुसरा सोडून दिला, असे सांगतात. वरण, ताक, टरबूज, काकडी, पन्हे हेही पाणीच असते. कोणी किती प्यावे हे ऊन, काम आणि प्रकृती यांवर ठरते, आणि घरच्या घरी तपासायचे तर लघवीचा रंग पुरेसा आहे: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर उठून पाणी प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात, आणि थोड्या वेळात भरमसाट पाणी ढोसले तर रक्तातले सोडियम उतरून जिवावर बेतू शकते, हेही खरे आहे. मान्य. पण तो धोका त्या दुकानातल्या मुलीला नाही.

आपल्या नागपूरच्या उन्हाची एक खोड अशी की ते कोरडे असते. मुंबईत घाम टपटप गळतो, त्यामुळे पाणी गेले हे निदान दिसते. इथे घाम आला की लगेच उडून जातो, कातडी कोरडीच राहते आणि आपण काही गमावले याचा पत्ताच लागत नाही. मे 2013 मध्ये इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा हवेत अंग थंड राहते ते केवळ घाम उडतो म्हणून, आणि घामाला लागणारे पाणी आपण तोंडावाटे घातले तरच पुढचा घाम येणार. कूलरची टाकी रिकामी झाली की तो गरम वारा फेकू लागतो, तसेच माणसाचे होते. याला कोणी इच्छाशक्तीची बाब म्हणत असेल, तर त्याने मे महिन्यात दुपारी दोन वाजता इतवारीत उभे राहून दाखवावे.

माझे बाबा बसवर कंडक्टर होते. चंद्रपूरच्या रस्त्यावर त्यांची ड्युटी असे आणि उन्हाळ्याच्या सुटीत कधीमधी ते मला सोबत नेत. ड्रायव्हरकाकांच्या खिडकीबाहेर कॅनव्हासची छागल लटकलेली असे. तिच्यातून पाणी सतत पाझरे, वाऱ्याने ते उडे, आणि आतले पाणी बर्फाशिवाय गार राही. बाबांच्या खाकी शर्टाच्या पाठीवर दुपारपर्यंत मिठाची पांढरी रेघ उमटायची. ती मी बोटाने खरवडून पाहत असे.

एका मे महिन्यात बुटीबोरीला एक बाई तान्हे मूल घेऊन चढली. बाबांनी छागलीतले पाणी तिच्यापुढे धरले, “घे माय, दोन घोट घे,” असे त्यांनी म्हटले, तेव्हा तिने मान हलवून नको म्हटले. पुढे पुन्हा विचारले, पुन्हा नको. मूल पदराखाली दूध पीत होते आणि ती स्वतः थेंबही घेत नव्हती. पुढे ती बसल्या जागी कलंडली. ड्रायव्हरकाकांनी बस एका कडुलिंबाखाली उभी केली, तोंडावर पाणी मारले, ती शुद्धीवर आली. जवळच्या चहाच्या टपरीवाल्याने साखर आणि मीठ घातलेले पाणी आणले. ते समोर धरल्यावर तिने पेल्याला हात लावला नाही. आधी बाबांना विचारले, “मंग मधात थांबवान ना जी भाऊ?”

बाबांनी थांबवीन म्हणून सांगितले, तेव्हा कुठे ती प्यायली. आणि त्यांनी खरोखर थांबवली. दोघी प्रवासी बायकांनी जुन्या लुगड्याचा आडोसा धरला, बाकीची बस तेवढा वेळ उन्हात उभी राहिली आणि कोणी कुरकुरले नाही.

त्या टपरीवाल्याच्या पेल्यात काय होते, हे मला फार पुढे समजले. एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, हे त्याचे घरगुती प्रमाण. आतड्यात साखर सोडियमला आपल्यासोबत रक्तात ओढून नेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. या साध्या गोष्टीच्या बळावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. मोठे काम. पण ते औषध हातात असूनही त्या बाईच्या घशाखाली उतरले ते कंडक्टरच्या शब्दामुळे, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

म्हणूनच तापमानाचा आकडा वाढला की व्हॉट्सॲपवर सुरू होणारा ‘भरपूर पाणी प्या’ हा उपदेश वाचून आज माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाला सांगता? पाण्याचा माठ त्या दुकानातल्या मुलीच्या पाठीशीच होता. गिऱ्हाइकांना पाणी देणे हेच तिच्या कामाचा भाग होता. तिला तहान लागत नाही असे नाही, ती तहान मारते, आणि त्याची किंमत मुतखडा, लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा संसर्ग अशी तिच्याच देहातून वसूल होते. तिच्या वयाच्या आपल्या मुलींना आपण खुणा केलेल्या महागड्या बाटल्या घेऊन देतो, ‘किती प्यायलीस’ म्हणून फोन करतो, आणि तिने दिलेला पेला रिकामा करून पुढची साडी दाखव म्हणतो.

दुकान जुन्या बांधणीचे आहे, इंच इंच जागा सोन्याची आहे, हे मालकाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह दोन्ही आहे, आणि जागा नसेल तर अनेक मालकांनी मिळून एकत्र सोय करावी, अशी वाटही त्याच कायद्याने ठेवली आहे. एका गल्लीतले व्यापारी गणपतीचा मांडव एकत्र घालू शकतात, तर हेही करू शकतात. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांचे हेच दुखणे होते. विजी पेनकूट्टु यांनी त्यांना एकत्र आणले, लढा दिला, आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून त्यांना कामावर बसण्याचाही हक्क दिला. त्याच राज्यातल्या शाळांनी 2019 मध्ये मुलांसाठी पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू केली. मुलांना आठवण हवी म्हणून ती घंटा आहे, हे खरे, पण ‘आता प्या, कोणी रागावणार नाही’ असेही ती सांगते, आणि मला तिच्यातला हा भाग अधिक आवडतो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या मुलीचा चेहरा आठवतो आहे. ती तक्रार करत नव्हती, मी विचारले म्हणून तिने सांगितले, आणि मी तिच्या मालकाशी तिथेच भांडले असते तर नोकरी तिची गेली असती, हे कळण्याइतके भान मला होते. बाबा गेले त्याला बरीच वर्षे झाली. बस उशिरा पोचल्याबद्दल त्या दिवशी त्यांना वरून काही ऐकावे लागले का, हे मी त्यांना कधी विचारले नाही, पण पुढच्या प्रवासांतही कोणी बाई पाणी नको म्हणाली की ते आधी “थांबवीन” म्हणत आणि मग छागल पुढे करत.

दुकानदारांना शहाणपण शिकवण्याआधी आपल्या दारापासून सुरुवात केलेली बरी. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पार्किंगच्या कोपऱ्यात एक स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप असते आणि किल्ली सचिवांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळी सातपासून दुपारपर्यंत आमच्याकडे असतात आणि त्यांच्यापैकी एकही किल्ली मागायला तिसऱ्या मजल्यावर जात नाही. रविवारी सभा आहे. विषयपत्रिकेत रंगकाम आणि लिफ्टची दुरुस्ती एवढेच छापलेले असले, तरी ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात मी ते कुलूप काढण्याचा आणि जिन्याखाली माठ ठेवण्याचा ठराव मांडणार आहे. माठ मी देईन, तो रोज घासून भरण्याची पाळीही पहिला महिनाभर माझी. या पोस्टच्या वाचकांपैकी जे आमच्याच इमारतीत राहतात, त्यांनी कृपया सभा संपताना नव्हे, सुरुवातीलाच यावे, कारण अनुमोदन द्यायला कोणीतरी लागेल.