अठ्ठ्याऐंशी नंबरचा गोलकीपर

माझ्या उजव्या पायाचा अंगठा सध्या वांग्यासारखा झाला आहे. खान्देशातल्या वांग्यासारखा नव्हे. बामणोदचं भरिताचं वांगं हिरवं असतं. हा पुण्या-मुंबईकडच्या वांग्यासारखा जांभळा झालाय. दुखणंही तिकडूनच आलं.

14 डिसेंबर 2025, रविवार. जळगावातल्या आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर भरीत पार्टी होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झालेली, लाकडी बडगीत ठेचणं चालू, कळण्याच्या भाकऱ्या तव्यावर. तेवढ्यात पोरांनी मोबाइलवर वानखेडे लावलं. मेस्सी आला होता. 2011 साली तो कोलकात्याला आला तेव्हा निदान व्हेनेझुएलाशी मॅच तरी खेळला होता. या वेळी नुसता हात हलवत फिरला आणि दोन-चार बॉल प्रेक्षकांत मारले. मग सचिनने आपली दहा नंबरची जर्सी त्याला दिली.

माय मूळची पारोळ्याची. तिने भरिताची वाटी खाली ठेवली आणि मोबाइलमध्ये डोकावली. "हाऊ कोन शे?"

"मेस्सी, आजी. वर्ल्ड कप जिंकलेला," भाचा म्हणाला.

"हाऊ बी बुटका, सचिन बी बुटका. मंग दहा नंबर काय बुटकासले देतस का?"

त्याच कार्यक्रमात सरकारच्या 'महादेवा' योजनेतली तेरा वर्षांखालची पोरं मैदानात आली. माय तेवढं नाव ऐकून हात जोडून मोकळी झाली.

आदल्याच दिवशी कोलकात्याला लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढून मान्यवरांच्या पाठी पाहिल्या, आणि मेस्सी अर्ध्या तासाच्या आत निघून गेल्यावर खुर्च्या भिरकावल्या. मला त्यांचं नवल वाटलं. आमच्याकडच्या लग्नात नवरदेव कधी दिसतो का? स्टेजवर नेतेच असतात, पण म्हणून कोणी खुर्च्या फेकत नाही. पंगत असते ना पुढे.

तर ते असो. सोमवारी सकाळी ओपन स्पेसवरचे स्टंप गायब झाले. तिथे चार विटा आल्या. चौकात एक फ्लेक्सही लागला: 'मेस्सीभाऊंचे हार्दिक स्वागत'. मेस्सीभाऊ चारशे किलोमीटरवर मुंबईत येऊन कार्यक्रम उरकून मोकळेही झाले होते. फ्लेक्सवर ते अंगठ्याएवढे आणि शुभेच्छुक कमरेपर्यंत.

संध्याकाळी भाचा दारात. मागे नऊ पोरं.

"मामा, तुम्ही गोलकीपर."

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही रे."

"कळायचं काय त्यात? तुम्ही नुसतं उभं राहिलं तरी अर्धा गोल बंद होतो."

खऱ्या गोलची रुंदी 7.32 मीटर असते, हे मी त्याच रात्री शोधून काढलं. म्हणजे माझ्या आकाराबद्दल पोराचा अंदाज फारच उदार होता.

जर्सीचं काम माझ्याकडेच आलं, कारण पैसे माझ्याकडेच होते. दहाही पोरांना दहाच नंबर हवा. मी समजावलं, "अरे, रेफरीला कळायचं कसं?" भाचा म्हणाला, "रेफरी कुठंय आपल्याकडे?" हे खरंच होतं. दुकानदाराने गरम प्रेसखाली आकडे चिकटवायला घेतले. दहा पोरं, पुढे आणि मागे, म्हणजे वीस एक्के, वीस शून्यं. माझी जर्सी प्रेसखाली ठेवून त्याने आकड्यांचा डबा चाचपला.

"भो, गोलकीपरला एक नंबर लागतो ना? एक्के संपले."

"मग सात टाका."

पोरांनी एका सुरात बोंब मारली. सात म्हणजे रोनाल्डो! शेवटी आठाचे आकडे भरपूर निघाले. आठ नंबर कोणी मागितलेलाच नव्हता. एकटा आठ माझ्या पाठीवर हरवल्यासारखा दिसत होता, म्हणून दुकानदाराने आपल्या मनाने शेजारी दुसरा लावला आणि पुढेही तसंच केलं.

घरी बायकोने मला दारातच थांबवून नीट पाहिलं.

"अहो, छातीवर वजन कशाला छापून आणलं?"

मी एक्क्याऐंशी किलोचा आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या आठवड्यात माझ्यापेक्षा बॉलचे हाल जास्त झाले. ओपन स्पेसच्या कडेला बाभळी आहेत. क्रिकेटच्या रबरी बॉलला काट्याची फिकीर नसते, फुटबॉलला असते. पंक्चरवाल्याने बॉल घमेल्यातल्या पाण्यात बुडवला, फिरवला, बुडबुडे पाहिले आणि म्हणाला, "ब्लॅडर बाहेर काढून आणा." म्हणून समोरच्या मोचीकडे. त्याने सहा टाके उसवले आणि ब्लॅडर ओढून काढलं. पुन्हा पंक्चरवाला. त्याने कानशीने घासून, सोल्युशन लावून, फुंकर मारून चकती चिकटवली. पुन्हा मोची, आणि हवेसाठी पुन्हा पंक्चरवाला. एका पंक्चरसाठी मी रस्ता चार वेळा ओलांडला. पंक्चरवाला हात पुसत म्हणाला, "मेस्सी गेल्यापासून हा सहावा बॉल. आधी वर्षात एखादा यायचा."

मोचीने टाके भक्कम घातले, जरा जास्तच भक्कम. बॉलला एका अंगाने पोक आलं. आता तो सरळ जातच नाही, हवेत मध्येच विचार बदलतो. मी डावीकडे झेपावलो की तो उजवीकडून आत. झेपावलो म्हणजे, झुकलो. पोरं मात्र खूश. "कर्व्ह, मामा, कर्व्ह!" भाच्याची खात्री पटली आहे की त्याचा डावा पाय मेस्सीसारखा वळू लागलाय. मी टाक्यांबद्दल बोललो नाही.

काल स्कोअर बारा-शून्य. बारा कोणाचे ते सांगत नाही. गोलकिक मारायची वेळ आली आणि माझ्याही मनात कर्व्ह आला. चार पावलं मागे गेलो, धावत आलो, पोकाचा अंदाज घेऊन पाय फिरवला. बॉलने ऐनवेळी कूस बदलली. पाय गेला गोलच्या विटेवर.

माय कुंपणापाशी उभी होती. "वीट फुटनी का?" तिने विचारलं.

पोरांनी मला रिक्षात घातलं. दवाखान्यात कंपाउंडर केसपेपर लिहीत होता. नाव विचारलं, वय विचारलं. मग मान वर करून एकवार माझ्या छातीकडे पाहिलं आणि काही न विचारता वजन लिहून टाकलं.