‘चालायला लागा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

मला एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) हा विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार आहे. त्यावरच्या माझ्या ‘न संपणारा थकवा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या’ या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. मी लिहिते ते सगळ्यांना पटावं असा माझा कधीच आग्रह नसतो. टीका जरूर करावी, पण समोरचा माणूस आजारी आहे एवढं भान ठेवून करावी.

आधी एक गोष्ट मान्य करते. लेखातल्या फोटोत बाटलीवर कंपनीचं नाव दिसतं आणि त्यामुळे लेख जाहिरातीसारखा वाटतो, असं आपण म्हणालात. नाव दिसायला नको, हे आपलं म्हणणं रास्त आहे. फोटो काढून टाकला आहे. मला कुठल्याही कंपनीकडून एक छदाम मिळत नाही, तेही इथेच सांगते.

आता आपलं ते वाक्य. ‘थकवा कुणाला येत नाही? माझी आई अडुसष्टाव्या वर्षी रोज तळजाईची टेकडी चढते. तुम्ही गोळ्या मोजत बसण्यापेक्षा सकाळी उठून चालायला लागा, निम्मा आजार मनाचा असतो.’

हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही. या आजारात एक रात्र अशी गेली की पुढचे किती दिवस वाया जातात, हे ज्याचं त्यालाच माहीत.

तुमच्या आईंचं मला मनापासून कौतुक आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा. पण त्यांची ठणठणीत तब्येत हा माझ्या आजाराविरुद्धचा पुरावा कसा काय होतो? तळजाई मीही चढत होते. शाळेत गणित शिकवायचे, संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायचे, दिवाळीचा सगळा फराळ घरी करायचे. मग डेंग्यू झाला. ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या, आणि सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, महिन्याभरात जाईल. तो गेलाच नाही. आज मेथीची एक जुडी निवडायची तर पलंगावर उशीला टेकून, ताट मांडीवर घेऊन बसते. निम्मी झाली की ताट बाजूला ठेवून डोळे मिटून पडते आणि उरलेली दुपारनंतर. तुम्ही ज्याला थकवा म्हणता तो रात्रभर झोपलं की जातो. हा जात नाही.

आणि ‘चालायला लागा’ हे मला तुम्ही पहिल्यांदा सांगत नाही आहात. एका डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं होतं. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवायची. मी इमानेइतबारे वाढवत गेले. चालताना विशेष काही होत नसे, तिथेच माणूस फसतो. दणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसायचा. घसा दुखायचा, अंग तापातल्यासारखं मोडून यायचं, दात घासताना ब्रश धरलेला हात आपोआप खाली यायचा. जरा बरं वाटलं की मी पुन्हा चालायला जायची, कारण मलाही तेव्हा वाटायचं की आपण मनाने कच्च्या आहोत. शेवटी अंथरूण धरलं आणि शाळा सुटली. ती चालल्यामुळे सुटली, आळसामुळे नाही. इतकी वर्षं सोसल्यावर कुणीतरी येऊन तेच औषध पुन्हा सुचवतो, तेव्हा राग येतो. तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

इंग्लंडची ‘नाइस’ ही उपचारांच्या मार्गदर्शिका काढणारी संस्था २००७ साली अशा रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायचा सल्ला देत होती. २०२१ मध्ये तिने तो मागे घेतला. अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने २०१५ मध्ये श्रमानंतर उफाळणारा त्रास हे या आजाराचं मुख्य लक्षण मानलं. लागोपाठ दोन दिवस सायकल चालवायला लावून श्वासातला ऑक्सिजन मोजण्याची एक चाचणी आहे. व्यायामाची सवय नसलेला निरोगी माणूसही दुसऱ्या दिवशी साधारण पहिल्या दिवसाइतकीच मजल मारतो. या आजाराच्या अनेक रुग्णांचे आकडे दुसऱ्या दिवशी घसरतात. हे मनाचे खेळ आहेत का?

‘आजार मनाचा’ हेही फार जुनं आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अशाच आजाराची साथ आली. तिथले २९२ कर्मचारी आजारी पडले, रुग्णालय काही काळ बंद ठेवावं लागलं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून, रुग्णांना न तपासता, ती सामूहिक हिस्टेरियाची साथ होती असं छापून टाकलं. रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण मोठं होतं, हे त्यांच्या कारणांपैकी एक. त्याची किंमत पुढच्या रुग्णांनी मोजली. तुम्हीही मला पाहिलेलं नाही, माझा एक रिपोर्ट वाचलेला नाही, आणि निदान करून मोकळे झालात.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. गोळ्यांनी हा आजार बरा होतो याला पुरेसा पुरावा नाही आणि ते ‘नाइस’च्याच मार्गदर्शिकेत लिहिलं आहे, असं तुम्ही म्हणता. मी वाचलं आहे. बरा होतो असं मी म्हटलंच नव्हतं. बी-६ चे मोठे डोस दीर्घकाळ घेतले तर नसांना इजा होते, तेही मला ठाऊक आहे. डोस डॉक्टरांना विचारून घ्यावा हे सुजाण वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि खर्च हा माझ्या घरचा प्रश्न आहे.

माझं बी-१२ रक्तात कमी निघालं. घर शाकाहारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी होतं. म्हणजे आपल्याकडे ही कमतरता घरोघरी आहे आणि ती तपासून भरून काढण्यात कसलाही भोळेपणा नाही. इंजेक्शनांनी माझ्या तळपायाच्या मुंग्या गेल्या, वारंवार तोंड यायचं ते थांबलं. थकवा मात्र गेला नाही. हे सगळं लेखात आहे. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर ज्या बाईला उन्हात जाता येत नाही, तिने डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे साठ हजार युनिटचं पाकीट दुधातून घेतलं, यात तुमचं काय बिघडलं?

आणि गोळ्या मी मोजत बसत नाही. रविवारी माझे यजमान डबीचे कप्पे भरून ठेवतात, कारण बाटलीचं झाकण दाबून फिरवण्याइतका जोर माझ्या मनगटात नसतो.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे. यापुढे ‘उठा, चाला, मन घट्ट करा’ छापाचं काही आलं तर ते प्रकाशित करणार नाही. रिपोर्टबद्दल, तपासण्यांबद्दल कुणाला विचारायचं असेल तर जरूर विचारा. हे उत्तर मी पडून, थांबत थांबत लिहिलं आहे, त्यामुळे पुढची उत्तरं यायला वेळ लागेल.