गाबोळीवरची मासळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत ओहायोतल्या मॉमी नदीवरच्या वॉलाय या गोड्या पाण्यातल्या माशाच्या हंगामाबद्दल मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. तीन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिने ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि वाचताना माझा आवाज चढला. म्हणून हे उत्तर.

तुम्ही लिहिलंय: "गाबोळीवर (पोटात अंडी घेऊन) आलेली मासळी आपल्याकडे कुणी धरत नाही. परदेशी गेल्यावर मातीचा विसर पडतो तो असा. यात कसला आलाय पराक्रम?" त्याखाली आणखी तीन मुद्दे आहेत: लांब लीडरने (वजन आणि गळ यांच्यामधल्या दोऱ्याने) मासा आमिष घेत नाही, दोराच त्याच्या तोंडातून ओढला जातो; मोठ्या माद्या सोडायला हव्यात; आणि मी दिलेली दिवसाला 4 माशांची मर्यादा जुनी आहे.

शेवटचं आधी. मर्यादा 6 आहे, कमीत कमी लांबी 15 इंच. पूर्वी मार्च-एप्रिलात 4 होती, तीच डोक्यात राहिली होती. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आभार मानतो.

आता "आपल्याकडे कुणी धरत नाही" याबद्दल. हे "आपल्याकडे" म्हणजे नक्की कुठे? माझं गाव रोह्याकडचं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं की आमच्याकडे एकच शब्द ऐकू यायचा, वलगण. खाडीतली, नदीतली मासळी पाण्याविरुद्ध चढत शेतांपर्यंत यायची, अंडी घालायला. माझे आजोबा पाग (फेकायचं जाळं) खांद्यावर टाकून निघायचे, काका बत्ती धरायचा, आणि ज्यांच्याकडे पाग नसायचा ते कोयता घेऊन बांधावर उभे राहायचे. मी सात वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो. डोक्यावर इरलं, पायाखाली खाचराचा चिखल. त्या रात्री आईने जी मासळी साफ केली तिच्यात गाबोळीच गाबोळी होती, आणि ती पहिली आम्हा मुलांच्या ताटात पडली. हे मी कुठे वाचलेलं नाही. तुम्ही नारळी पौर्णिमेचा दाखला द्याल, आणि दर्यावर 1 जून ते 31 जुलै बंदी असते हे मलाही माहीत आहे. पण ती दर्याची गोष्ट. ओढ्याची, खाचराची रीत वेगळी आहे, आणि ती ज्याने पाहिलेली नाही त्याने मला माती शिकवू नये.

खरं सांगायचं तर मॉमीवर मी पहिल्यांदा उतरलो ते वलगणीच्याच ओढीने. मार्चअखेरीची सकाळ होती, काठावर बर्फाचे तुकडे होते आणि पाण्यात कमरेपर्यंत उभ्या माणसांची ओळ पेरिसबर्गच्या बाजूला फोर्ट मेग्ज या जुन्या किल्ल्याच्या खाली दूरवर गेली होती. ईरी सरोवरातून वॉलाय दगडगोट्यांच्या उथळ पात्राकडे चढत होते. पाणी साधारण 42 ते 52 अंश फॅरनहाइटवर आलं की ते अंडी घालतात. माझ्या शेजारी उभ्या म्हाताऱ्याने एक अक्षर न बोलता माझ्या वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा) पट्टा आवळला, कारण पाय घसरला की सैल वेडर्समध्ये पाणी शिरतं आणि माणसाला उठणं कठीण होतं. मला त्या क्षणी आजोबा आठवले. याला तुम्ही मातीचा विसर म्हणता.

आणि "पराक्रम" हा शब्द मी कुठे वापरला? लेख पुन्हा वाचा. मी लिहिलं होतं की चार तास थांबून दोन मासे मिळाले.

वलगणीत आणि इथे एक फरक मात्र आहे, आणि तो इथल्या बाजूने जातो. आमच्या ओढ्यावर मोजदाद नव्हती, ज्याला जितकी सापडेल तितकी त्याची. इथे मार्च-एप्रिल या दोन महिन्यांत सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर गळ टाकता येत नाही. दोऱ्याला एकच आकडा (हूक), तोही टोकापासून दांड्यापर्यंत अर्ध्या इंचाहून मोठा नाही. ईरीतून दर वर्षी किती वॉलाय काढायचे हे मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि कॅनडातलं ऑन्टारियो मिळून ठरवतात. याच सरोवरात 1970 साली पाऱ्यामुळे वॉलायची मासेमारी बंद करावी लागली होती. गळ टाकणाऱ्यांनी ते पाणी नासवलं नव्हतं. माझ्या गावच्या ओढ्यात आता वलगण नावापुरती उरली आहे, तीही आजोबांच्या पागामुळे गेली असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. वरच्या अंगाला काय काय सोडलं जातं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मोठ्या माद्यांबद्दल: हातात येतात ते बहुतेक नरच. ते आधी येतात आणि आठवडेच्या आठवडे पात्रात राहतात. मादी अंडी टाकते आणि सरोवराकडे वळते. मोठी मादी आली तर मी सोडतो. लेखात लिहिलं नाही, कारण ते लिहून मिरवावं असं मला वाटलं नाही.

लीडरचं म्हणाल तर नियम सरळ आहे, तोंडाच्या आत न अडकलेला मासा सोडायचा, आणि मी सोडतो. लीडर किती लांब असावा यावर काठावर रोज वाद चालतात, तो इथे उकरण्यात मला रस नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. वॉलायबद्दल अजून काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, माहीत असेल ते सांगेन. माझ्या मातीबद्दल बोलायचं असेल तर मात्र आधी तुमचं गाव सांगा, आणि तिथे मृगात पाणी कुठून चढतं तेही. मुलीला मी तुमची पहिली दोन वाक्यं वाचून दाखवली, तिसरं नाही.