थरथर थांबवायला शाफ्टच बदलावा लागतो का?
‘समृद्धीवर 100 च्या पुढे गाडी थरथरते? ॲल्युमिनियमचा शाफ्ट टाका,’ असा मेसेज जालना-संभाजीनगरकडे फिरतोय. तो अर्धवट आहे. स्विफ्टसारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते. मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, तिला नसतोच. मग बदलणार काय? बोलेरोला असतो, पण तिथेही आधी क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) झिजलाय का, शाफ्टवरचं बॅलन्सचं वजन पडलंय का, ते बघावं. झिजलेला क्रॉस तसाच ठेवून महागडा शाफ्ट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती रिमच्या आत वाळून बसली, तरी तेवढं पुरतं! शाफ्ट उतरवलाच, तर खुणा करून होता तसाच बसवायला सांगा.