मृगाच्या पहिल्या सरीला बी टाकू नका

"मृग लागला की पहिल्याच सरीत परसातल्या सगळ्या भाज्यांचं बी एकदम टाका, वर ताजं शेण पसरा, वर्षभर भाजी विकत आणावी लागणार नाही." मे संपत आला की हा निरोप फिरायला लागतो. आमच्या सांगलीतल्या कॉलनीच्या ग्रुपवर यंदाही आला. नव्याने बाग करणारी माणसं त्यावर विसंबतात आणि महिनाभरात हिरमुसून सोडून देतात, म्हणून लिहितेय.

आधी ती पहिली सर. ७-८ जूनला मृग लागतो हे खरं, पण तो सगळीकडे सारखा बरसत नाही. आमच्याच जिल्ह्यात शिराळ्याकडे पाऊस ठाण मांडून बसतो, तर जत-आटपाडीची भिस्त परतीच्या पावसावर. म्हणून बघायचा तो वाफसा, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही अशी पेरणीजोगी स्थिती. आपली काळी माती पहिल्या सरीने वरवर भिजते, आतून तापलेलीच असते. चांगला पाऊस होऊन उघडीप मिळाली की वीतभर खालची मूठभर माती घ्या, लाडूसारखी वळा आणि उभ्यानेच खाली सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आलाय. बोटांना चिकटली, गोळा तसाच राहिला, तर थांबा. मी एका वर्षी घाईने चिखलातच कुदळ मारली. वाळल्यावर अशी ढेकळं झाली की खुरपं आत जाईना, आणि अख्ख्या ओळीत गवारीचे चार कोंब वर आले.

ताजं शेण तर सगळ्यात घातक. कुजताना ते तापतं, कोवळी मुळं पोळतात. शिवाय हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. उसाच्या या पट्ट्यात ती कुणाला सांगायला नको. वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे बाहेर पडतात, रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. कच्च्या शेणात अळ्या पोसतात, पुढे त्याच भाजीची मुळं कुरतडतात. शेणखत पुरतं मुरलेलं हवं: काळपट, भुसभुशीत, हातात घेतलं तरी शेणाचा वास न येणारं.

"सगळं एकदम" हेही चूक. भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी जूनमध्ये खुशाल लावा. मेथी, पालक, कोथिंबीर झडीत सडतात आणि वाटाणा-गाजराला थंडी लागते. त्यांच्यासाठी दसरा ते दिवाळीचे दिवस चांगले. वांगी, मिरची, टोमॅटोचं बी थेट वाफ्यात फेकू नका. कुंडीत रोपं करा, महिना-सव्वा महिन्याने लावा. मेथीसुद्धा एकाच दिवशी सगळी पेरली तर एकाच आठवड्यात सगळी काढणीला येते, मग वाफा मोकळा. दर दहा-बारा दिवसांनी एकेक ओळ पेरा.

आणि वर्षभराची भाजी? दहा बाय दहाच्या परसात चौघांची भागत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरची भाजी ताटात आली तरी मला ते पुष्कळ वाटतं.

पहिल्यांदाच करत असाल तर दसऱ्यानंतर मेथी-कोथिंबिरीचा एकच वाफा करा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. धने मात्र पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून दोन फाका करून घ्या, अर्धा इंच मातीआड करा, झारीने पाणी द्या. कोंब दिसायला आठ-दहा दिवस लागतात. बी वाया गेलं समजून पाचव्या दिवशी वाफा उकरू नका.